पुण्याहून आणलेली अर्धी स्ट्रिप

मंडळी, सकाळचा नमस्कार संध्याकाळी करतोय, रागावू नका. नातीला सर्दी झालीय, घसा दुखतोय.

इथे परदेशात, टॅम्पिनीसच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, "व्हायरल आहे, अँटिबायोटिक नको. चार दिवसांत ताप आला तर परत आणा."

घरी येताच आमच्या हिने पुण्याहून आणलेल्या औषधांच्या पिशवीतून माझी उरलेली अँटिबायोटिकची स्ट्रिप काढली. "अर्धी गोळी मधातून देते. आपले डॉक्टर लगेच देतात!"

मी स्ट्रिप हिसकावून खिशात घातली.

"अहो, सातवी शिकलात, डॉक्टर कधी झालात?"

"आज झालो!"

पोरगी खोकली की माझाच हात खिशाकडे जातो. तरी स्ट्रिप खिशातून निघणार नाही.

तुमची नातवंडं अशी गोळीशिवाय बरी झालीत ना? लवकर कळवा, हिला वाचून दाखवायचंय.