पेडर रोडवरची व्याहीभेट

मॅरेथॉन म्हणजे बेचाळीस किलोमीटर आणि वर एकशे पंच्याण्णव मीटर. हे वरचे मीटर मी मुद्दाम सांगतो, कारण लोक ते सोडून देतात आणि पळणाऱ्याला ते सोडता येत नाहीत. माझी आजवरची सर्वांत चांगली वेळ चार तास सहा मिनिटं वीस सेकंद. ती मी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुंबईत नोंदवली. त्यानंतर दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा फसलो. एकदा पोटरीत गोळा आला, दुसऱ्यांदा ऐन सरावाच्या दिवसांत मुलीचं लग्न आलं. आता बावन्नावं चालू होतं. या वयात शरीर दरवर्षी थोडा वेळ कापून घेतं आणि सराव करून त्यातला काही आपण परत मिळवतो. ही वजाबाकी-बेरीज मी मांडून पाहिली होती. यंदा जुनी वेळ मोडली तर मोडली. नाहीतर ती पुढे फक्त सांगण्यापुरती उरणार होती.

मी दीपनगरच्या वसाहतीत राहतो. नोकरी वीज केंद्रात, पाळीची. त्यामुळे पळायची वेळ कधी पहाटे, कधी संध्याकाळी, आणि रातपाळीच्या आठवड्यात झोप मोडून. आमच्याकडे ऑक्टोबर म्हणजे दुसरा उन्हाळाच. पहाटे निघालं तरी परत येईतो बनियन पिळून घ्यावी लागते. त्याची तक्रार नाही. खरी अडचण चढाची होती. मुंबईच्या मार्गात पस्तीस किलोमीटर संपल्यावर पेडर रोडचा चढ येतो आणि आमचा तापीकाठ ताटासारखा सपाट. आसपास चढ म्हणावा असा एकच, रेल्वेवरचा उड्डाणपूल. तर मी दर बुधवारी त्या पुलावर चढायचो, उतरायचो, पुन्हा चढायचो. पुलाच्या पायथ्याशी एक रिक्षावाला उभा असे. पहिल्या बुधवारी त्याने काळजीने विचारलं, "भाऊ, काही हरवलं का?"

"नाही. सराव करतोय."

पुढच्या बुधवारी तो म्हणाला, "सापडलं का?" आणि नंतर डिसेंबर संपेपर्यंत दर बुधवारी हेच. मी उत्तर द्यायचं सोडून दिलं होतं, तो विचारायचं सोडत नव्हता.

दुसरा अडथळा भरिताचा. लांब पळायचं ते रविवारी, आणि थंडीतले रविवार आमच्याकडे भरिताचे. कोणाच्या ना कोणाच्या शेतात काट्याकुट्यांच्या आगीवर वांगी भाजली जातात आणि निरोप येतो. तीन रविवार मी नाही म्हटलं. चौथ्यांदा बोदवडकडच्या चुलतभावाचा निरोप आला तेव्हा बायको म्हणाली, "आता नाही म्हणाल तर माणसं तोडाल." मग मी दोन्ही जुळवलं. तिला गाडीने पुढे पाठवलं आणि मी पळतच शेत गाठलं. बांधावर बसलेल्यांपैकी एक जण म्हणाला, "एवढ्या लांबून पळत आला म्हणजे वहिनी घरी खायला घालत नाही वाटतं." भरीत झणझणीत होतं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या गरम होत्या. मी हिशोबाबाहेर खाल्लं आणि पुढचे दोन दिवस पोट धरून होतो. सरावाच्या तक्त्यात ते दोन दिवस कोरे राहिले.

तो तक्ता मुलीने करून दिला होता. तिला माझ्यासारखी आकड्यांची आवड. दर किलोमीटर पाच मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंदांत काढला तर जुनी वेळ मोडून वर दीड मिनिट शिल्लक राहतं, हे तिचंच गणित. मागच्या वर्षी लग्न होऊन ती मुंबईला गेली. जावई तिकडे नोकरीला, पण घर धुळे जिल्ह्यातल्या खेड्यातलं. व्याही शेतकरी, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. त्यांना सगळे आबा म्हणतात, मीही आबाच म्हणतो. माणूस भला, बोलणं अहिराणी, ज्यात 'थांबना' म्हणजे थांबला आणि 'पडना' म्हणजे पडला, आणि रीतभात पक्की. लग्नात व्याहीभेट झाली तेव्हा त्यांनी मला टोपी घातली, खांद्यावर टॉवेल ठेवला, हातात नारळ दिला आणि असं कवटाळलं की फोटोवाल्याचं समाधान झाल्यावरही सोडेनात.

मॅरेथॉनच्या दहा दिवस आधी मुलीचा फोन आला. सासू-सासरे मुंबईला येणार होते आणि मला पळताना बघायला रस्त्यावर उभे राहणार होते.

"कशाला त्यांना त्रास," मी म्हणालो.

"मी काय सांगितलं नाही का? ते म्हणतात, भाऊ पळणार आणि आम्ही घरात बसणार का."

"अगं, पण मला थांबता येणार नाही."

"तेही सांगितलंय, पप्पा. फक्त हात करतील. तुम्ही तुमचं पळा."

ती एवढं स्पष्ट बोलली होती. हे मी आधीच लिहून ठेवतो.

शर्यत अंधारात सुटली. पहिले काही किलोमीटर गर्दी असते. पुढची माणसं मधेच चालायला लागतात, चार-चार जण हातात हात घालून रस्ता अडवतात. मी चिडलो नाही, कारण तेवढा वेळ तक्त्यात धरलेला होता. समुद्रावरच्या पुलावर वारा चांगला होता. पंचविसाव्या किलोमीटरच्या पुढे कोणीतरी हातात केळं दिलं. जळगाव जिल्ह्यातल्या माणसाला असं केळं देऊ नये. साल पिवळी, आत कच्चं, घाईत पिकवलेलं. अर्धं खाल्लं, अर्धं टाकलं. पण पाय चालत होते. पस्तिसावा किलोमीटर संपला तेव्हा मी जुन्या वेळेपेक्षा सव्वा मिनिट पुढे होतो. चार वर्षांत पहिल्यांदा.

पेडर रोडचा चढ सुरू झाला आणि मला उड्डाणपूल आठवला. रिक्षावाला असता तर या वेळी मी त्याला उत्तर दिलं असतं. आजूबाजूचे लोक चालायला लागले होते, मी त्यांच्यामधून वर चढत होतो. अर्ध्या चढावर डाव्या बाजूला पांढरी टोपी दिसली.

आबा पदपथाच्या अगदी कडेला उभे होते. धोतर, इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी. पिशवीतून टॉवेलाची घडी आणि नारळाची शेंडी वर आलेली. शेजारी विहीणबाई डोक्यावर पदर घेऊन. मागे माझी बायको आणि मुलगी. मुलीने हात कमरेपाशी ठेवून, सासऱ्यांना दिसणार नाही असा, पुढे हलवला. पुढे, पुढे. ते मला दिसलं. नीट दिसलं. पण टॉवेल आणि नारळही दिसला. मुलीचा बाप व्याह्यांसमोरून, तेही सत्काराचं सामान घेऊन पहाटेपासून उभ्या असलेल्या व्याह्यांसमोरून, नुसता हात हलवून पळत जातो हे चित्र मला समोर दिसायला लागलं. बोलणी मला नाही बसणार, तिला बसतील. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं.

मी थांबलो आणि वाकून पाया पडलो.

छत्तीस किलोमीटर पळाल्यावर वाकू नये. मांडीची शीर तिथेच ओढली गेली. वर यायला मला विहीणबाईंच्या आधाराची गरज लागते की काय असं वाटलं.

"या भाऊ, या," आबा म्हणाले. "दम खा जरासा."

"आबा, मी पळतोय."

"दखाई ऱ्हायनं ना," ते म्हणाले, म्हणजे दिसतंय ना, आणि पिशवीत हात घातला. पिशवीच्या बंदात नारळाची शेंडी अडकली. ती सोडवण्यात काही वेळ गेला. विहीणबाईंनी कुंकवाची डबी काढली. घामात कुंकू टिकेना, म्हणून त्यांनी पदराने माझं कपाळ पुसलं आणि पुन्हा लावलं. आबांनी माझी कॅप उतरवून बायकोच्या हातात दिली, टोपी घातली, टॉवेल खांद्यावर ठेवला, ओंजळीत नारळ दिला आणि लग्नात कवटाळलं होतं तसं कवटाळलं. त्यांच्या पाठीमागून माझं मनगट मला दिसत होतं. घड्याळ चालू होतं. बाजूने ते सगळे लोक, ज्यांना मी चढावर मागे टाकलं होतं, एकेक करून वर गेले.

"फोटो काढ व," आबा सुनेला म्हणाले. तिने काढला. तिचा चेहरा मी पाहिला नाही.

टॉवेल बायकोने काढून घेतला. नारळ कोणी घेईना. ओंजळीत दिलेला नारळ देणाऱ्यासमोर दुसऱ्याच्या हाती कसा द्यायचा? मी नारळ घेऊन निघालो. पाय लाकडासारखे झाले होते. थांबलेलं शरीर पुन्हा वेगात यायला किती घेतं याचा आकडा माझ्याकडे नव्हता, आता आहे. नारळ या हातातून त्या हातात घेत होतो, आणि ज्या हातात असे त्या बाजूला मी तिरका होत होतो. मरीन ड्राइव्हला ऊन चटकायला लागलं. मागून एक तरुण मुलगा आला, त्याने टोपी पाहिली, नारळ पाहिला आणि विचारलं, "काका, नवस आहे का?"

"हो," मी म्हणालो. समजावून सांगायला दम नव्हता.

चार तास सात मिनिटं चाळीस सेकंद. जुन्या वेळेहून एक मिनिट वीस सेकंद जास्त. चढावर मी अडीच मिनिटं उभा होतो. वजाबाकी सोपी आहे आणि तिचा उपयोग नाही. उभं राहिलेला वेळ वजा करून कोणी वेळ सांगत नाही. मीही सांगणार नाही.

दुपारी मुलीच्या घरी बादलीत पाय घालून बसलो होतो. आबा आतल्या खोलीत पडले होते. मुलगी पाणी घालायला आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मी हात करत होते ना?"

"दिसला."

"मग?"

"तुला बोलणं बसलं असतं."

"कोणाकडून?" तिने तांब्या खाली ठेवला. "पप्पा, मी घरी त्यांना चार वेळा सांगून ठेवलं होतं की तुम्ही थांबणार नाही. ते हो म्हणाले होते. सामान इथे घरी द्यायचं ठरलं होतं, पिशवी नुसती त्यांच्या हातून सुटेना म्हणून बरोबर आली. मला विचारलं तरी का नाही?"

पळता पळता कसं विचारणार, असं मी म्हणालो नाही. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "दोन मिनिटांनी काय घर पडलं का?" तिला मी अडीच म्हणून दुरुस्त केलं. त्यावर ती जे म्हणाली ते लिहीत नाही.

संध्याकाळच्या चहाला आबा बाहेर आले. गावच्या ग्रुपवर फोटो गेला होता आणि अभिनंदनं येत होती. एकाने पहिला नंबर आल्याबद्दल लिहिलं होतं. आबांनी विचारलं, "मग भाऊ, किती लागनं?"

मी आकडा सांगितला.

"अन् मागला?"

तोही सांगितला. खोटं बोलता आलं असतं, पण आकड्यात मला ते जमत नाही. आबा शेतमालाचे भाव तोंडपाठ ठेवणारे, त्यांनी बशीतला चहा न पिता मनात काहीतरी केलं.

"म्हणजे टोपीनं घात कया."

"तसं नाही, आबा."

"तसंच शे." त्यांनी बशी खाली ठेवली. "पन भाऊ, मी टोपी काढणार नव्हतो. पोरीनं सांगेल व्हतं. तुम्ही थांबनात म्हनीसन काढी. मानूस समोर उभा ऱ्हायना, पाया पडना, अन् मी पिशवी धरून बघत बसू?"

"मी थांबलो कारण तुम्ही नारळ घेऊन उभे होतात."

"अन् नारळ कोठे ठेवू? रस्त्यावर?"

आतून विहीणबाई हसल्या, मग बायको हसली. मुलगी हसली नाही. मलाही हसू आलं नाही, चार महिन्यांची पहाट माझ्या डोक्यात होती. दोघांपैकी कोणालाच नको असलेली गोष्ट आम्ही दोघांनी मिळून अडीच मिनिटं नीट पार पाडली होती.

थोड्या वेळाने आबा म्हणाले, "पुढल्या साली पुन्हा पळा. आम्ही पाठ करून उभे राहू. तुम्ही आम्हाला बघितलं नाही, आम्ही तुम्हाला बघितलं नाही."

"मग यायचं कशाला, आबा?" मुलीने विचारलं.

"यावं तर लागीनच ना," ते म्हणाले.

घरी परतल्यावर बायकोने नारळ फोडला. चांगला निघाला. बुधवारी मी सवयीने पुलावर गेलो, पळायला नाही, नुसता पाय मोकळे करायला. रिक्षावाल्याने विचारलं, "सापडलं का, भाऊ?"

"नाही," मी म्हणालो. या प्रश्नाला पहिल्यांदाच खरं उत्तर दिलं. तो म्हणाला, "मग उद्या येता का?"

पुढच्या वर्षीसाठी मी नाव नोंदवणार आहे. माझ्या हिशोबाप्रमाणे त्रेपन्नाव्या वर्षी ही वेळ मोडत नाही. हिशोब मी तीनदा तपासला आहे. शिवाय पेडर रोडच्या चढावर पांढरी टोपी पाठमोरी उभी असली तर ती मला ओळखू येणार नाही, असंही नाही.