आमच्या बारकीनं बाबांना विमानात बसवलं

आमच्या बारकीसारखी बहीण कुणाला असेल तर त्यानं पुढं यावं. मी सातवीतून शाळा सोडली, भिंती रंगवतो, पण माणसं ओळखण्यात मला तोड नाही. आणि ती माझी सख्खी बहीण आहे, म्हणजे अर्धं श्रेय माझंच.

बारकीचं पंक्चरचं दुकान आहे. नवरा गेला तेव्हा लेक अंगावर पीत होती. लोक म्हणाले, आता कसं होणार. हिनं पत्र्याचा आडोसा उभा केला, पाण्याचा टप ठेवला, हवेची टाकी आणली. ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडा कुठून येतो ते बघायचं, कानसीनं घासायचं, पॅच ठोकायचा. ट्रकचं चाक एकटी उतरवते. बायकोचा टोमणा असतो, "तुमच्याच्यानं गॅसची टाकी हलत नाही." खरंय. आमच्या घरातली ताकद एकाच ठिकाणी गेली, तर घरातच राहिली ना?

हे काम तिला बाबांमुळं आलं. बाबा ट्रक ड्रायव्हर. मला ट्रकमध्ये बसलं की उलटी व्हायची, म्हणून सुट्टीत ते बारकीला न्यायचे. बाबांचा एक हट्ट मात्र भारी. दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत बसायचं नाही. हर्निया झाला तेव्हा दवाखान्यात स्वतः गाडी चालवत गेले, डॉक्टरच्या शिव्या खाल्ल्या. आता वयामुळं चालवणं बंद, म्हणून कुठं जाणंच बंद. आणि आईला तर समुद्र बघायचा होता, तोही ह्यांच्याबरोबरच. उभा जन्म बाबा रस्त्यावर आणि आई दाराशी. "एकटी जाऊन काय करू, तिथंही वाटच बघायची का?" असं म्हणायची.

बारकीनं सगळ्यांची समुद्राकाठच्या शहराची विमानाची तिकिटं काढली. बाबांनी तिकीट उलटसुलट बघून खिशात ठेवलं. विमानतळ आमच्या वस्तीला लागूनच, तिथवर ते आपल्या पायांनी चालतही आले. आम्हाला वाटलं, जमलं.

कसलं जमलं. विमानाच्या शिडीपाशी बाबा थांबले. वाकून चाकं बघितली, बारकीकडं बघून मान हलवली. टायर पसंत. मग म्हणाले, "ड्रायव्हर दाखवा."

वर काचेमागं एक पोरगेला पायलट दिसत होता.

"हा? ह्याला मिशी तरी आली का? मी नाही बसत. तुम्ही जा."

आईनं लगेच पिशवी खाली ठेवली. "मग मीही नाही."

मागं रांग लागलेली. "आजोबा, लोक बघतायत," भाची कुजबुजली. मी बाबांना समजवायला गेलो, थोरला ना मी. "तू गप, तुला अजून उलटी होईल," म्हणाले. आईचं तोंड एवढंसं झालं. पुन्हा हा योग येणार नव्हता, तिच्या गुडघ्यांकडं बघून कुणालाही कळलं असतं.

बारकी घाईला आली नाही. "बाबा, मला ट्रकमध्ये डाव्या खिडकीला का बसवायचात?"

"डावी बाजू मला दिसायची नाही म्हणून."

"ह्या पोराला तरी कुठं दिसत असेल?"

बाबांनी पंखाकडं बघितलं, मग वर काचेकडं. "ह्याच्याकडं क्लीनर नाही?"

"आज तुम्ही."

बाबा काही भोळे नाहीत. पोरगी बनवतेय हे त्यांना कळलं, मला दिसलं ते. त्यांनी आईकडं बघितलं, तिची पिशवी उचलली आणि विचारलं, "खिडकी माझी ना?"

ते खिडकीशी, मध्ये आई, कडेला बारकी. मी, बायको आणि भाची मागं. उलटी झाली नाही, नोंद घ्यावी. बाबा पंखावर डोळा लावून होते. मग ढग आले, डावीकडं बघायला काही उरलं नाही. हातात स्टेअरिंग नाही, पायाखाली ब्रेक नाही. ढग फाटला तसा खाली नदीवर एक पूल दिसला, काडीएवढा.

"असल्याच पुलावर माझा एक्सल मोडला होता," बाबा आईला म्हणाले. "ट्रकखाली झोपायचो. तुला सांगितलं नाही कधी."

"मग मी काय इकडं झोपत होते होय?" आई म्हणाली.

आणि बाबा बोलायला लागले. आमचे बाबा, घरी आले की जेवून आडवे होणारे. कुठं चिखलात रुतले, कुठं कुणी भाकरी दिली, कुठं तिची आठवण आली. हो, हेसुद्धा बोलले. मी सीटांच्या फटीला कान लावून ऐकलं, लाज कसली, माझेच आईबाप आहेत.

विमान उतरलं, लोक उठले. मी म्हणालो, "चला आई, समुद्र."

"थांब रे," ती म्हणाली. "ह्यांचं बोलणं होऊ दे."

बारकी उभी राहिली आणि मागच्यांना म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं." तिच्या खांद्यावर सगळ्यांच्या बॅगा होत्या. मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडून ओझं घेतलं, सगळंच्या सगळं, आणि तिला म्हणालो, "बस तू."

ती बसली, आईला टेकून.