काकांच्या लॅपटॉपवर न सापडलेलं मॉड्यूल

माझी मुलगी स्पीच थेरपिस्ट आहे, इथेच अमेरिकेत, आमच्या कॅरी गावात. मागे तिच्याकडे एक मराठी काका येऊ लागले. स्ट्रोकनंतर त्यांची वाचा गेली होती. समोरच्याचं बोलणं सगळं कळायचं, पण शब्द काही केल्या बाहेर यायचा नाही. चित्र दाबलं की शब्द ऐकवणारी अ‍ॅप्स क्लिनिकमध्ये होती, पण ती इंग्रजी. काका ती बाजूला सारायचे.

काकूंना विचारून मुलीनं मला फोन केला. "आई, कॅन यू मेक वन इन मराठी?"

मी या देशात नवऱ्याच्या व्हिसावर आले. बरीच वर्षं नोकरीची परवानगी नव्हती, तेव्हा घरी बसून जावास्क्रिप्टमध्ये प्रोग्रॅमिंग शिकले. पुढे त्यावरच नोकरी मिळाली. पण ऑफिसात मी लिहिलेलं नेमकं कोण वापरतं, ते कधी दिसलं नाही. मी लगेच हो म्हटलं.

कपाचं चित्र दाबलं की "चहा हवा", उशीचं दाबलं की "पडतो जरा". आवाज नवऱ्यानं दिला. काकूंची अट एकच होती. "मला ते इन्स्टॉल बिन्स्टॉल जमणार नाही गं. डबल क्लिक केलं की उघडलं पाहिजे." म्हणून मी सगळं अ‍ॅप एका ईएक्सई फाइलमध्ये पॅक केलं. माझ्या मशीनवर झकास चाललं.

शनिवारी आम्ही मायलेकी पेनड्राइव्ह घेऊन त्यांच्याकडे गेलो. काकांच्या जुन्या लॅपटॉपवर डबल क्लिक केलं, तर काळ्या खिडकीत एक ओळ आली : मॉड्यूल सापडत नाही.

काका खुर्ची ओढून अगदी जवळ बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला कानकोंडं झालं.

"मेबी वी ट्राय समथिंग एल्स," मुलगी हळूच म्हणाली.

"थांब. कुठली फाइल मागतंय ते बघू दे."

मी त्यांच्या डायनिंग टेबलावर माझा लॅपटॉप उघडला. तीच ईएक्सई एका रिकाम्या फोल्डरमध्ये टाकून चालवली. तिथेही तीच एरर. म्हणजे काकांच्या लॅपटॉपचा दोष नव्हता. घरी चालवलं तेव्हा माझा सगळा प्रोजेक्ट त्याच फोल्डरमध्ये शेजारी होता, आणि अ‍ॅप गुपचूप तिथून फाइल उचलत होतं. पॅक करणारं टूल कोड वाचतं आणि ज्या फाइलचं नाव सरळ लिहिलेलं दिसतं तीच आत घेतं. मी मात्र मराठी शब्दांच्या फाइलचं, म्हणजे त्या न सापडलेल्या मॉड्यूलचं नाव तुकडे जोडून, अ‍ॅप सुरू झाल्यावर तयार करत होते. टूलला ते दिसणार कुठून?

मी नाव सरळ, पूर्ण लिहिलं. आवाजाच्या फाइल्स तर कोडच नव्हेत, त्या आत घ्यायला वेगळं सांगितलं. अ‍ॅप त्या फाइल्स स्वतःच्या आतच शोधेल, असे पत्ते बदलले. पुन्हा पॅक केलं, आधी रिकाम्या फोल्डरमध्ये चालवून पाहिलं आणि मगच काकांच्या लॅपटॉपवर टाकलं.

या वेळी चित्रं उघडली. काकांनी डाव्या हातानं माऊस धरला, बाण डळमळत कपावर नेला.

"चहा हवा," माझ्या नवऱ्याचा आवाज आला.

काकू ओट्याशी उभ्या होत्या. त्या वळल्या, पदराला हात पुसत म्हणाल्या, "हे मेले इतकं गोड कधी बोलले नव्हते." काका हसले, खांदे हलेपर्यंत हसले. मग त्यांनी पुन्हा कप दाबला. मग उशी. मग सगळीच चित्रं एकेक करून, प्रत्येक शब्द कान देऊन ऐकत.

पुढच्या आठवड्यात मुलीनं मला क्लिनिकमध्ये बोलावलं. तिथल्या थेरपिस्टना अ‍ॅप बघायचं होतं. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना सांगितलं, "माय मॉम बिल्ट धिस." मी नेहमी अशा वेळी 'छे, त्यात काय' म्हणते. त्या दिवशी म्हटलं नाही.