जोडीच्या फळ्या

आधी माफी मागतो. मी लेखक नाही. पंचनामे आणि स्टेशन डायरी यांपलीकडे मी काही लिहिलेलं नाही. निवृत्तीनंतर बी.ए.ला नाव घातलं. आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच, तोही साठीत. मराठीच्या बाई म्हणाल्या, "तुमचा एखादा तपास लिहा." तपास बरेच केले, पण लिहायला बसलं की एकच गाडी डोळ्यांपुढे येते. नाव कुणाचंच लिहीत नाही.

नव्वदच्या दशकात मी सांगलीत फौजदार होतो, शिपायापासून चढत आलेला. माधवनगरच्या एका गिरणीमालकांची विलायती मोटार चोरीला गेल्याची फिर्याद आली. मालक महिन्यापूर्वीच वारले होते. फिर्यादी त्यांचा मुंबईचा मुलगा. गाडी त्याच्या आजोबांनी इंग्लंडहून बोटीने आणवलेली. लांब नाक, आत कातडी गाद्या, लाकडी डॅशबोर्ड. दार लावलं तर आवाज असा यायचा की कुणी जाड वही मिटली असावी. गिरणीतल्या कामगाराच्या घरी लग्न निघालं की मालक वरातीला तीच गाडी देत.

माझा हवालदार तिथलाच. म्हणाला, "साहेब, माझी वरात हिच्यातनंच निघाली. बायकू अजून माझ्यापेक्षा गाडीचंच कौतुक सांगती."

मालकांच्या मुलाने ती गाडी मुंबईच्या एका व्यापाऱ्याला द्यायचं ठरवलं होतं. व्यापारी ती खोलून गाद्या, दिवे, लाकूड सुटं सुटं विकणार होता.

गॅरेजचं कुलूप शाबूत होतं. पस्तीस वर्षं ती गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरचा जबाब घेतला. "किल्ली खिळ्यालाच असती सायेब. कुनीबी न्यावी," तो म्हणाला. नजर स्थिर. मला संशय व्यापाऱ्याचा, पैसे न मोजताच त्याने ती उचलली असावी. त्याच्यामागे आठवडा वाया घालवला.

मग कोरेगावाहून एका माणसाचा फोन आला. "आमच्या शिवारात एक गुऱ्हाळ बंद पडलंय. त्याला आता नवं कुलूप लागलंय. फटीतनं बघितलं, आत लय मोठी गाडी हाय."

पंच घेऊन गेलो. कडी उचकटली. आत वाकळा पांघरलेली तीच गाडी. चाकं जमिनीला टेकू नयेत म्हणून चार लाकडी ठोकळ्यांवर उचललेली. बॅटरीची वायर सोडवून ठेवलेली. गाद्यांवर डांबराच्या गोळ्या.

हवालदार बराच वेळ बघत राहिला. "साहेब, चोर गाडी विकतो, न्हाईतर टाकून पळतो. ह्यानं तर हिला निजवलीया."

चोर कोण ते मला तिथेच कळलं. पण कळणं म्हणजे पुरावा नव्हे.

ड्रायव्हरला बोलावलं, समोर बसवलं, चहा दिला. गाडी सापडल्याचं सांगितलं. तो चहा फुंकत राहिला. मग मी खोटं बोललो. "ठोकळे काढताना गाडी आपटली, काका. डॅशबोर्डचं लाकूड फुटलं."

तो ताडकन उठला. "कुठल्या बाजूचं?"

"म्हणजे?"

"डावं का उजवं? आवं, त्या जोडीच्या फळ्या हायत! एकच लाकूड मधनं चिरून पुस्तकागत उलगडल्यालं. डावीकडची रेघ उजवीकडं तश्शीच उतरती. एक गेली तर दुसरीला जोड मिळायची न्हाई कुठं!"

बोलता बोलता त्याच्या ध्यानात आलं. 'कसले ठोकळे?' असं त्याने विचारलंच नव्हतं. तो खाली बसला. करदोड्याची किल्ली सोडून त्याने टेबलावर ठेवली. ती गुऱ्हाळाच्या कुलपाला लागली.

"मालक जाताना म्हनलं, हिला तोडू दिऊ नगंस. मी दुसरं काय करनार हुतो?"

कलम ३८१, नोकराने केलेली चोरी. वरच्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. गाडी मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात आली. मुलाने ती परत मिळावी म्हणून कोर्टात अर्ज केला, त्याच्या बहिणीने वाटणीसाठी हरकत घेतली. गाडी तिथेच राहिली, उघड्यावर.

जामिनावर सुटल्यावर पहिल्या तारखेला ड्रायव्हर आधी ठाण्यात आला. काचेतून आत डोकावला आणि माझ्याकडे वळला.

"सायेब, फळ्या तर दोनी चांगल्या हायत. खोटं बोललासा व्हय?"

मी मान खाली घातली. त्याने हात जोडले. "लय बरं झालं. जीव भांड्यात पडला माझा." मग हळूच म्हणाला, "येवढं करा. चार ठोकळं लावू द्या, वर ताडपत्री टाकू द्या. समदं मीच आनतो."

"मुद्देमालाला हात लावता येत नाही, काका."

नियम तोच होता. पण मी कोर्टाला परवानगीचा एक कागद लिहू शकलो असतो. आयुष्यभर कागदच लिहिले, तेवढा मात्र लिहिला नाही. त्यानंतर दर तारखेला तो यायचा आणि पाठीमागे हात बांधून गाडीजवळ उभा राहायचा. टायर बसले. काचेची रबरं उलली. पावसाचं पाणी आत जाऊ लागलं. तो मला पुन्हा काही म्हणाला नाही.

माणसाला कशाची भीती वाटते ते हेरलं की तो बोलतो, हे मी नोकरीत शिकलो होतो. ती हेरल्यावर आपण त्याला काही देणं लागतो, हे या गाडीने शिकवलं. पण तोवर माझी साताऱ्याला बदली झाली होती.

दोन वर्षांनी एका दुपारी हवालदाराचा फोन आला. भावाबहिणीची तडजोड झाली. गाडीवरचा दावा मिटला. पण ड्रायव्हर त्याआधीच, दिवाळीच्या सुमारास वारला होता.

"आणि गाडी?"

"भंगारात गेली साहेब. काल क्रेन लावून उचलली. आतलं लाकूड तर नुसतं हातात आलं, भुगा हून."

माझ्या तोंडून निघून गेलं, "कुठल्या बाजूचं?"



"दोनी, साहेब."