मोगेनसेनच्या टेबलावरची हळद

डब्लिनजवळ ओंगारला विनयकडे चहाला गेलात तर चहाआधी टेबल पाहावं लागतं. बोर्ग मोगेनसेन नावाच्या डॅनिश डिझायनरचं, फिकट ओकचं, पाठीमागूनही पुढून दिसतं तितकंच देखणं. डब्लिनच्या एका लिलावात घेतलेलं हे टेबल त्याने मुद्दाम खोलीच्या मधोमध मांडलंय; घरून काम असलं की लॅपटॉप यावरच. "चांगलं फर्निचर साध्या माणसाच्या घरात असावं, असं त्याचं म्हणणं होतं," हे तो प्रत्येकाला ऐकवतो. आणि कोणी त्यावर कप टेकवायला गेलं की याचा जीव खालीवर! गुरू कसा आणि चेला कसा, बघा.

आई गेल्यावर त्याने वडिलांना, पुरुषोत्तमरावांना, सांगलीहून तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. रावांचा उभा जन्म कारखान्यात लेथवर गेला. इथे मात्र ते अवघडून असायचे. फ्रिज विचारून उघडायचे, सोफ्याच्या कडेवर बसायचे. विनयला ते फार लागायचं. बाबांनी हे घर आपलं म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. "बाबा, बिनधास्त वावरा हो," असं म्हणायचा, आणि त्याच दमात, "फक्त टेबलाला तेवढं..."

खंडेनवमीला विनय ब्लँचर्डस्टाउनच्या ऑफिसातून परतला, तर टेबलावर शेजारच्या आयरिश आजींकडून मागून आणलेली पिवळी शेवंती आणि भिजवलेल्या हळदीची पाच बोटं उमटलेली! कुंकू सापडलं नव्हतं, एवढंच नशीब.

"आरं, तुझं समदं काम ह्याच्यावरच चालतंय. आज हत्याराची पूजा नको व्हय?" राव कौतुकाने म्हणाले.

विनयचा पारा चढला. "बाबा, विचारायचं तरी! ते लाकूड हळद पिऊन टाकतं. पार वाट लावलीत!"

रावांनी फडकं आणून घासलं. डाग आणखी पसरला, कडेचं एक बोट तेवढं जसंच्या तसं राहिलं. "चुकलं माझं," म्हणून ते खोलीत गेले. स्वयंपाकघरात जेवताना त्यांनी विचारलं, "पाणी घेऊ का रं?"

करंट्या, सख्ख्या बापाला पाणी विचारून प्यायला लावलंस, असं विनयने स्वतःलाच सुनावलं. तोंडाने मात्र एवढंच निघालं, "राहू दे बाबा डाग. इट्स ग्रँड, काही बिघडत नाही."

"राहू दे कसं? हळद उन्हात उडती," राव म्हणाले. "पण तुमच्याकडं ऊन कुठं हाय?"

सकाळी बापलेकांनी टेबल उचलून खिडकीशी नेलं. उचलताना राव खाली वाकून बघतच राहिले. "जोड बघ कसा बसवलाय! ह्या तुझ्या मोगेनसेनला आमच्या मशिन शॉपात ठिवून घेतला असता!"

आयर्लंडचं ऊन म्हणजे लहरी पाहुणा. आलं की राव लगबगीने पडदा बाजूला सारायचे. डाग फिकटत गेला. दोघं रोज शेजारी शेजारी उभे राहून तपासायचे आणि डागावरून गप्पा भलतीकडेच जायच्या, आईपर्यंतसुद्धा.

शेवटी कडेचं एकच बोट उरलं. त्या दिवशी लख्ख ऊन पडलं, तसा विनयने पुढे होऊन पडदा ओढून घेतला.

"आरं, ऊन लागलं तर जाईल की ते!"

"म्हणूनच ओढला."

रावांनी वाकून त्या पिवळ्या बोटावरून अंगठा फिरवला. मग खुर्ची ओढून पहिल्यांदाच टेबलाशी बसले आणि म्हणाले, "च्या टाक जरा. हितंच घेतो."