छिन्नीखालचा रुपया

हे मी बायकोला सांगितलं नाही, पोरांना नाही, देवापुढे बसूनही नाही. तुम्ही ऐकायला बसलाच आहात, तर ऐका.

अमरावतीच्या कापूसपेठेत मी नाणी पारखायचो. विलायतेत आमच्या कापसाला तेव्हा भारी मागणी, रुपये पोत्यांनी यायचे, आणि खऱ्याखोट्याचा निवाडा माझ्याकडे. माझा शब्द कोणी खाली पडू देत नसे. त्याची मला घमेंड होती — साधी नाही, चांगली मुरलेली.

किसन मापारी माझा लहानपणचा सोबती. एका अडत्याकडे कापूस तोलायचा, शेतकऱ्यांचे चुकारेही तोच करायचा. एका दुपारी मोर्शीकडचा एक शेतकरी किसननं दिलेला रुपया परत घेऊन आला. दोन्ही बाजूंना राणीचंच तोंड — एकीकडे उठावाचं, दुसरीकडे खोल आणि उलटं. अडत्या तापला. म्हणाला, हा खोटा निघाला तर खरा तूच लाटलास, उद्यापासून इथे दिसू नकोस. किसन नुसता हसला आणि माझ्याकडे बोट केलं. "याले इचारा ना. खरं-खोटं याच्याहून जास्त कोणाले समजते?"

मी काय केलं? लांबूनच पाहिलं आणि "खोटा" म्हणून मोकळा झालो. वजन केलं नाही, वाजवून पाहिलं नाही. चारचौघांत अडखळताना दिसायचं नव्हतं — एवढंच.

खोटं नाणं पारख्यानं तिथल्या तिथे छिन्नीनं तोडायचं, असा आमचा रिवाज. आत तांबं दिसतं, वाद मिटतो. मी छिन्नी ठेवली, हातोडी मारली. आत — पांढरं. आरपार चांदी. काठाच्या रेघाही शाबूत होत्या, त्या मला तेव्हा दिसल्या. टांकसाळीत आधीचा रुपया साच्यात अडकला असणार, त्याचाच ठसा पुढच्यावर बसला. लाखात एखादा असा निघतो, आणि तो खराच असतो.

हे फक्त मी पाहिलं होतं. मी मूठ मिटली आणि म्हणालो, तांबं आहे.

"तू म्हनतं तं असंन," किसन एवढंच बोलला. भांडला असता तर बरं झालं असतं का? कोण जाणे. त्याच दिवशी त्याचं काम गेलं, मग पेठेत कोणी त्याला तराजूला हात लावू देईना. ते दोन तुकडे मी घरी आटवून टाकले. पुरावा नको म्हणून — दुसरं कशाला?

काही वर्षांनी तो मला अकोल्याच्या टेसनावर दिसला. कापसाच्या गाठी वाहत होता, पाठीत वाकलेला. मला पाहून त्याला आनंद झाला — हो, आनंदच. मजुरीचा रुपया काढून माझ्या हातावर ठेवला.

"पाहून दे बाप्पा, मले तं ओळखूच येत नाही. तवा माह्यापायी तुले पेठेत लाजावं लागलं."

मी रुपया वाजवला, खरा आहे म्हणालो. तो कनवटीला लावून किसन पुढची गाठ उचलायला गेला. गाडी सुटायला अवकाश होता, तो दहा पावलांवर होता. मी त्याला हाक मारली नाही.