दादाने न बदललेल्या नळ्या

दादा गेल्याची तार शाळेत आली तेव्हा, खरं सांगते, मला रडू आलं नाही, राग आला. अकोल्याला पोचले तर वहिनी सांगू लागली, महिनाभर छातीत कळ येत होती, पण डॉक्टरकडे चला म्हटलं की यांचं एकच, "चालून राहिलं ना? मंग कायले उघडून पाहाचं?" हे वाक्य मला नवं नव्हतं. त्याच्या मोटारीबाबत ते मी वर्षानुवर्षं ऐकत आले होते.

मोटार म्हणजे बदली होऊन गेलेल्या एका डॉक्टरांनी जाताना त्याच्या गळ्यात मारलेलं धूड. जठारपेठेत आमच्या दारात ते उभं राहायचं आणि वऱ्हाडचं ऊन खायचं. त्या उन्हाने पेट्रोलच्या रबरी नळ्या वाळून अशा कडक झाल्या होत्या की नुसतं दाबलं तरी तडा जायचा. नळी गळू लागली की दादा भेगेत धुण्याचा साबण कोंबायचा, वर धोतराची चिंधी गुंडाळायचा आणि मोठा गड जिंकल्यासारखा माझ्याकडे बघायचा. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही हे त्याला कुठूनसं कळलं होतं, आणि तेवढ्या ज्ञानावर तो गाडी हाकत होता. मी म्हणायची, अरे, नळ्या बदल. तो म्हणायचा, "तू तुही पुस्तकं वाच."

अशात मला अमरावतीच्या मुलींच्या शाळेतून मुलाखतीचं बोलावणं आलं. वडील गेल्यावर दादाने कारकुनी करून मला शिकवलं होतं; ही नोकरी हुकली की मामांनी पाहिलेलं हिवरखेडचं स्थळ पक्कं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. एस.टी.ने जाते म्हटलं तर हा पेटलाच. "माही बहीण मास्तरीण होऊन राहिली, आन् एष्टीत धक्के खात जाईन काय?" निघालो मोटारीने, आणि बोरगावलाच पेट्रोलचा वास सुटला. साबण. मूर्तिजापूरला साबणानेही हात टेकले. तिथले मिस्त्री करीममियाँ खाली वाकून पाहून म्हणाले, "साहेब, हे रबर नाही राहिलं, पापड झाला. एक जोड बदलला का दुसरा बोंबलते. पुरी लाईन बदला, घंटाभराचं काम हाये." पण नाही! तुटला तेवढाच बदला, बाकीचे चालून राहिले ना! नवा जोड बसवताना जुनी नळी हलली, आणि बडनेऱ्याच्या अलीकडे पुढचा जोड तुटला. नवा तुकडा तेवढा शाबूत. भर रस्त्यात मी त्याला इतकं बोलले की एक बैलगाडीवाला गाडी थांबवून ऐकत राहिला.

अकराची मुलाखत, मोटार तिथेच सोडून आम्ही ट्रकमधून पोचलो दीडला. माझ्या पातळाला पेट्रोलचा वास. मोठ्या बाई घरी निघाल्या होत्या. मी तोंड उघडणार तोच दादा पुढे झाला. कचेरीत साहेबापुढेही कधी चूक कबूल न केलेला हा माणूस काळे हात जोडून म्हणाला, "बाई, चूक माही हाये. थे सकाळपासून सांगून राहिली होती, मीच आयकलं नाही. तिले शिक्षा नका देऊ." बाई परत खुर्चीत बसल्या... आठ वर्षं झाली, मी त्याच शाळेत शिकवते आहे. त्यानंतर तरी त्याने नळ्या बदलल्या असतील असं तुम्हाला वाटेल. छे! त्या दिवशी परतताना तुटला तेवढाच जोड बदलला, बाकी पुन्हा साबणच.

त्याचे दिवस झाल्यावर मी मिस्त्रीला घरी बोलावलं आणि समोर खुर्ची टाकून बसले. एकेक नळी, एकेक जोड बदलून घेतला. जुनं बोटभरही ठेवू दिलं नाही. तासाभराचं काम. मोटार पहिल्याच झटक्यात सुरू झाली. खाली थेंब नाही, वास नाही. मला असा संताप आला... एवढंच तर करायचं होतं रे! मिस्त्री हात पुसत म्हणाला, "ताई, गाडी कुठी नेऊन ठेवाची?"

कुठे नेणार? मोटार चालवता येणारा आमच्या घरात तो एकटाच होता.